पाच हजार वेळा, हात न लावता

आधी माझाच गाढवपणा सांगून टाकते. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, तोही फर्स्ट क्लास. आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी भरलेल्या कपॅसिटरला बोट लावलं. का? तर म्हणे, "स्विच बंद आहे ना!"

कपॅसिटर म्हणजे विजेची छोटीशी टाकी. चार्ज केला की भरते, डिस्चार्ज केला की रिकामी होते. आता नळ बंद केला म्हणून टाकीतलं पाणी नाहीसं होतं का? नाही होत. हे मी कॉलेजात दहा मार्कांना लिहिलंय, आकृतीसकट. तरी बोट लावलं, आणि स्टुलावरून उडाले ती थेट पॅकिंगच्या खोक्यांत!

आमचे मेंटेनन्सवाले धुमाळभाऊ पळत आले. मूळचे लातूरकडचे, बोलणं शांत. त्यांनी आधी कपॅसिटर उचलला, उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे वळले.

"ह्याला काही झालं न्हाई, मॅडम. तुमी बसा निवांत."

आमच्यासारख्या छोट्या कंपनीत किस्से असेच साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही. भंगाराच्या ड्रममध्ये तारांचे तुकडे पडत राहतात आणि एक दिवस झाकण बसेनासं होतं, तसं. माझ्या ड्रमचं झाकण आता बसत नाहीये, म्हणून हा उपद्व्याप.

*

आमची कंपनी चाकणला, महाळुंग्याच्या बाजूला. बॅटरी चार्जरचे बोर्ड बनवतो. माणसं मोजून तीस. मी मुलगी, सासूबाई, घर ह्यात बारा वर्षं घालवून चव्वेचाळिसाव्या वर्षी परत कामाला लागले. सरांनी घेतलं, पण सहा महिने प्रोबेशनवर.

"सहा महिन्यांत काहीतरी करून दाखवा, मग कायम करायचं बघू."

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते सरांनी पाच महिने सांगितलं नाही. मी रोज सकाळी पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने यायचे, दिवसभर 'काहीतरी' शोधायचे आणि संध्याकाळी परत जायचे. घरी मुलगी विचारायची, "आई, आज परमनंट झालीस?" जणू काही ते भाजी आणण्यासारखं काम आहे!

*

ते 'काहीतरी' सुनंदाताईंच्या टेबलावर होतं.

सुनंदाताई महाळुंग्याच्याच. वय पन्नासच्या पुढे. कंपनीत सगळ्यांत जुन्या. इतक्या जुन्या, की पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "तुमी बसलाय न्हवं, तिथं आमची जर्सी गाय बांधलेली असायची." त्यानंतर महिनाभर मी खुर्चीत नीट टेकले नाही.

त्यांचं काम काय? तर प्रत्येक लॉटमधला एक कपॅसिटर घ्यायचा आणि पाच हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज करायचा. हाताने! स्विच वर, दोन सेकंद. स्विच खाली, दोन सेकंद. पुन्हा वर. एका कपॅसिटरला दोन दिवस जायचे. मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके. शंभर झाले की एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत.

त्या मोजत असताना बोलायची बंदी होती. मला कुठं माहीत?

"ताई, हा कालचा रिपोर्ट तुमच्याकडे आहे का?"

"सातशे बारा."

"नाही, रिपोर्ट नंबर नाही विचारला. रिपोर्ट कुठाय?"

"सातशे तेरा."

"अहो ताई…"

त्यांनी स्विचवरचा हात काढला, माझ्याकडे बघितलं, आणि सातही चिंचोके परत पहिल्या वाटीत टाकले.

"रिपोर्ट ड्रावरमदी हाय. आता बसा हितं. एक."

*

पाचव्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. सुनंदाताईंचं मनगट सुजलं. आणि एका नव्या, मोठ्या पार्टीने कळवलं की पुढच्या महिन्यात त्यांचा क्वालिटीचा माणूस ट्रायल बघायला येणार; कपॅसिटरची टेस्ट पाच हजार वेळा सलग झाली पाहिजे, न थांबता, आणि माणसाचा हात न लावता.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एक साधं सर्किट करा. कपॅसिटर आपोआप चार्ज होईल, आपोआप डिस्चार्ज होईल. बस."

"बस?"

"बस. ट्रायल पास झाली की तुमचं लेटर."

आणि नाही झाली तर? ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

साधं सर्किट म्हटल्यावर मी काय केलं असेल? दोन दिवस बसून चार पानी डिझाइन काढलं. त्यात प्रोसेसर, रंगीत डिस्प्ले, मोबाइलवर मेसेज, आणि बिघाड झाला तर सायरन! बारा वर्षांची सगळी हौस एकदम बाहेर आली.

सरांनी चारही पानं शांतपणे वाचली. मग एकच शंका विचारली.

"ह्यात कपॅसिटर कुठे लावायचा?"

तेवढाच राहिला होता!

*

मग मी खरंच साधं केलं. एक रिले घेतला. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. सुनंदाताईंचा अंगठा समजा. कपॅसिटर भरला की रिले खट्ट करून पलीकडे जाणार आणि तो रिकामा करणार. रिकामा झाला की खट्ट करून परत. शेजारी एक काउंटर, खटके मोजायला.

पहिल्या दिवशी मी कपॅसिटर उलटा लावला. प्लसच्या जागी मायनस. सुरू केलं आणि खाली वाकून बघणार, इतक्यात शेजारच्या टेबलावर ठेवलेला माझा मोबाइल वाजला. मी तिकडे वळले आणि मागे धडाम! कपॅसिटर फुटून त्यातला कागदाचा पांढरा भुगा सगळीकडे उडाला. माझ्या केसांवर, सरांच्या गाडीच्या चावीवर, आणि उघड्या डब्यातल्या मेथीच्या भाजीवर.

मोबाइलवर कोण होतं? कर्ज हवंय का विचारणारी मुलगी! आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मनापासून थँक्यू म्हटलं. ती इतकी गोंधळली, की तिनेच फोन ठेवला.

सुनंदाताई लांबूनच म्हणाल्या, "दिवाळी लवकर आली म्हनायची."

धुमाळभाऊंनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, मग डब्यात डोकावले.

"मॅडम, मेथीत खोबरं घालायची पद्धत हाय व्हय तुमच्यात?"

*

त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं. घरी मिक्सर थांबून थांबून फिरवायचे, दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद. चटणीचं पार पिठलं झालं तरी थांबले नाही. नवरा म्हणाला, "चटणी मेली गं, आता सोड तिला."

एकदा सकाळी बस चाकणच्या चौकात अडकली. ते काही नवीन नाही. आमच्याकडे हजेरीच्या रजिस्टरात उशिराचं कारण विचारतसुद्धा नाहीत. पुढे एक कंटेनर. त्याचा इंडिकेटर लुकलुकत होता. लागला, विझला. लागला, विझला. मी खिडकीला डोकं टेकून बघत बसले.

शेजारी धुमाळभाऊ होते. वीसेक मिनिटं त्यांनी वाट पाहिली.

"मॅडम, कवापासून 'चार्ज, डिस्चार्ज' म्हनायलाव."

"मोठ्याने?"

"मागच्या सीटपर्यंत जायलंय." मग अगदी हळू आवाजात, "त्यो कंटेनर बी आपल्याकडंच टेस्टिंगला हाय का?"

*

ट्रायलला बारा दिवस उरले असताना सर्किट चाललं!

जेवणाच्या सुट्टीच्या आधी मी सुरू केलं. रिले खडखड वाजायला लागला. मी डबा खाऊन परत आले आणि काउंटरवर बघते तर पाच हजार एकशे नऊ! सुनंदाताईंना दोन दिवस लागायचे, आणि माझ्या सर्किटने अर्ध्या तासात काम उडवलं!

मी धावतच सरांकडे गेले. वाटेत पॅकिंगच्या मुलींनाही सांगितलं. जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही सांगितलं. सर येऊन टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी काउंटर बघितला. मग खिशातून मीटर काढून कपॅसिटरला लावला. काटा जागचा हलला आणि तिथेच थरथरत राहिला.

"मॅडम, हा भरतोय कुठे?"

"म्हणजे?"

"थोडंसं व्होल्टेज आलं की रिले पलटतो, थोडंसं गेलं की परत पलटतो. कपॅसिटर भरतही नाही, रिकामाही होत नाही. नुसता आवाज चाललाय."

मला वाटलं जमीन दुभंगावी. निदान तिथे पूर्वीसारखी जर्सी गाय असती, तर तिच्यामागे लपता आलं असतं.

सुनंदाताई सुजलेल्या मनगटाला पट्टा बांधून सगळं ऐकत होत्या.

"माझ्या सुनेवानी हाय तुमचं मशीन," त्या म्हणाल्या. "'करते आत्या, करते आत्या' ह्येच पाच हजार वेळा."

*

उत्तर सापडलं ते आमच्या सोसायटीच्या गच्चीवर.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. त्यामुळे टाकी भरली का, हा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्याही आधी येतो. गच्चीवरच्या टाकीत दोन तारा सोडलेल्या आहेत, एक तळाशी, एक काठाशी. पाणी तळाच्या तारेखाली गेलं की पंप चालू होतो, आणि काठाच्या तारेला लागलं की बंद. मधल्या पाण्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मी चार वर्षं तिथे राहतेय, आणि हे माझ्या डोक्यात एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, कपडे वाळत घालताना घुसलं. मला हेच तर हवं होतं! एक खालची खूण, एक वरची खूण. पूर्ण भरल्याशिवाय पलटायचं नाही आणि पूर्ण रिकामा झाल्याशिवाय परत यायचं नाही.

मी ओले कपडे तसेच टाकले, शिडीवर चढले आणि झाकण उघडून आत वाकले. तारा नेमक्या किती अंतरावर आहेत ते बघायचं होतं. सुचलं की मला थांबवत नाही.

खालून वॉचमनने पाहिलं. तो घाबरून गेला बिचारा. हाका मारायची हिंमत होईना. त्याने इंटरकॉमवरून आमच्या घरी फोन लावला.

"साहेब, लवकर वर या! मॅडम टाकीत वाकून बघतायत! मघापासून! कायतरी पुटपुटतायत!"

माझा नवरा पेपर वाचत होता. लग्नाला एकोणीस वर्षं झालीत.

"बरं," तो म्हणाला, "भरलीय का विचार."

*

त्या दोन खुणा सर्किटमध्ये घालायला मला सहा दिवस लागले. मग पुन्हा गुरुवार आला. आमच्या भागात गुरुवारी सुट्टी. पण मला घरी बसवेना. मनात सारखं, शुक्रवारी ट्रायल, शुक्रवारी ट्रायल. मी रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत कंपनीत पोचले. गेटवर धुमाळभाऊ एकटेच खुर्ची टाकून बसलेले.

"भाऊ, एकदाच शेवटचं चालवून बघते. अर्धा तास फक्त."

"बघा की. पण लाईट न्हाई."

"का?"

"आज गुरुवार हाय म्हनून. लाईट नसती म्हनूनच तर सुट्टी असती."

"मग तुम्ही का आलात?"

"तुमी येनार म्हनून."

मग काय करता? आम्ही दोघं गेटवर बसून शेंगदाणे खाल्ले. मी आत सर्किटच्या दिशेने बघायचे, ते माझ्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "मॅडम, त्याला बी आठवड्याची सुट्टी असू द्या की."

*

शुक्रवार. नऊ वाजता पार्टीचे क्वालिटीवाले साहेब आले. बारीक, उंच, आणि बोलायचे नाहीत. नमस्काराला मान हलवली, चहाला मान हलवली, पण नाही अशी. मी आमच्या स्टोअरमधला कपॅसिटर काढून लावला. तीन वर्षं आम्ही ह्याच मेकचे वापरतोय. सुरू केलं. कपॅसिटर भरला, खट्ट. शेजारचा छोटा दिवा पेटून विझला, म्हणजे डिस्चार्ज. परत भरला. खट्ट. एक, दोन, तीन. मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले, कारण नियमच होता, हात लावायचा नाही.

दहा वाजता नऊशे झाले. साहेब बघतायत. अकराला अठराशे. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाचायला मान लांब केली, त्यांनी वही मिटली. सर केबिनमधून तीनदा येऊन गेले. दर वेळी "कसं चाललंय?" विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत परत जायचं. मला पाणी प्यायला जायचं होतं, पण वाटायचं, मी पाठ फिरवली आणि थांबलं तर?

साडेबाराच्या सुमाराला तीन हजार एकशे बारावर ते थांबलं.

म्हणजे आवाजच बंद झाला. खट्ट नाही, दिवा नाही. सगळ्या शेडमध्ये इतकी शांतता, की पॅकिंगवाल्या मुलींची टेपसुद्धा अर्धी ओढलेली राहिली. सर आले. धुमाळभाऊ आले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटरकडे बघितलं. मनात म्हटलं, संपलं. उद्यापासून घरी. आता मुलगी विचारेल.

साहेब पहिल्यांदाच बोलले. "हात लावू का?"

"लावा," मी म्हटलं. आता कोणी लावला काय!

त्यांनी मेन स्विच बंद केला, कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामा केला (मी शिकून घेतलं), मग बोटाने चाचपला. तापला होता. वरचं टोपण फुगलेलं. त्यांनी आमच्याच बॉक्समधून दुसरा घेतला, लावला, स्विच दिला. खट्ट. दिवा. खट्ट. दिवा. माझं सर्किट असं चालायला लागलं, जसं काही झालंच नाही.

दुसरा चारच्या आसपास गेला. अठ्ठावीसशे की काहीतरी. तोही गरम, तोही फुगलेला.

साहेबांनी वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि पान फाडून सरांच्या हातात दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्या हातात दिलं. टेस्ट सर्किट, ओके. कपॅसिटर, रिजेक्ट, दुसरा कपॅसिटर शोधा, याच सर्किटवर टेस्ट करा, मग परत बोलवा.

साहेब गेले. मी अजून तिथेच उभी, हात मागे बांधूनच.

"सर, मग माझं…?"

"तुमचं ओके," सर म्हणाले. "उद्या लेटर घ्या." मग त्या फुगलेल्या दोन कपॅसिटरांकडे बघत, "आणि उद्यापासूनच नवीन कपॅसिटर शोधायला लागा."

मी धपकन खुर्चीत बसले. रडू येत होतं की हसू, कळत नव्हतं. पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. सुनंदाताई घरी जायला निघाल्या होत्या, डोक्याला स्कार्फ बांधत होत्या. मी त्यांना गाठलं.

"ताई, एक सांगा. कपॅसिटर हाच, मेकही हाच. तीन वर्षं तुम्ही पाच-पाच हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज केलेत. तुमच्या हाताखाली एकही गेला नाही. आणि माझ्या सर्किटवर एका दिवसात दोन गेले! असं कसं?"

सुनंदाताईंनी स्कार्फची गाठ मारली, पिशवी खांद्याला लावली.

"मी दमले, की त्येला बी बसवत हुते."